रॉबर्ट गेर्विग

रॉबर्ट गेर्विग (२ मे १८२० – ६ डिसेंबर १८८५) हे जर्मनीतील बाडेन संस्थानाचे स्थापत्य अभियंते, रेल्वेमार्गांचे रचनाकार आणि लोकप्रतिनिधी होते. श्वार्झवाल्ड, म्हणजेच ब्लॅक फॉरेस्ट, या डोंगराळ प्रदेशातून जाणारा श्वार्झवाल्ड रेल्वेमार्ग ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती होय. मात्र रेल्वेच्या कामाकडे वळण्यापूर्वी सात वर्षे ते फुर्टवांगेन येथील घड्याळ विद्यालयाचे पहिले संचालक होते. त्या काळात त्यांनी काढलेल्या एका जाहीर आवाहनातून कुक्कू घड्याळाला आजचे घरकुलाचे रूप मिळाले. गेर्विग यांनी स्वतः कुक्कू घड्याळ बनवले नाही, त्याचा शोध लावला नाही आणि त्याच्या पेटीचे चित्रही काढले नाही. तरीही या घड्याळाचा इतिहास त्यांचे नाव वगळून सांगता येत नाही.

== पूर्वायुष्य आणि शिक्षण ==

गेर्विग यांचा जन्म बाडेनच्या राजधानीत, कार्ल्सरुहे येथे झाला. शालेय शिक्षण तेथेच पूर्ण करून त्यांनी कार्ल्सरुहेच्या पॉलिटेक्निकमध्ये अभियांत्रिकीचा अभ्यास केला. जर्मन प्रदेशांतील अशा संस्थांमध्ये ही आरंभीच्या काळातली एक नामांकित संस्था होती. शिक्षणानंतर ते बाडेनच्या जल व रस्ते बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांची सारी उमेदवारी रस्ते, पूल आणि नदीकाठची कामे यांत गेली. जमिनीचा चढ-उतार मोजणे, कोणत्या वळणाने गेल्यास खर्च किती वाचेल याचा हिशोब करणे, ही कामे त्यांच्या हाताखालून सतत जात होती. पुढे रेल्वेच्या आखणीत हीच पुंजी त्यांच्या उपयोगी पडली.

त्यांची उमेदीची वर्षे राजकीय दृष्ट्या अस्वस्थतेची होती. १८४८-४९ साली बाडेनमध्ये क्रांतीचा उठाव झाला आणि प्रशियाच्या सैन्याने तो मोडून काढला. उठाव शमला, तरी त्यामागची दारिद्र्याची कारणे तशीच राहिली होती. त्यांतले एक ठळक कारण श्वार्झवाल्डातील घड्याळ व्यवसायाची घसरण हे होते.

== श्वार्झवाल्डातील घड्याळ व्यवसाय ==

श्वार्झवाल्ड हा नैर्ऋत्य जर्मनीतील दाट सूचिपर्णी अरण्यांचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील हिवाळा दीर्घ आणि बर्फाचा असतो. शेतजमिनीची वाटणी न करता ती एकाच वारसाकडे देण्याची रीत असल्याने इतर भावंडांना पोटापाण्याचा दुसरा उद्योग पाहावा लागे. लाकूड मुबलक होते आणि हिवाळ्यात हाताला काम नसे. या दोन्हींतून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे लाकडी घड्याळे बनू लागली. आरंभी दंतचक्रेसुद्धा लाकडाचीच असत. पुढे चक्रे पितळेची झाली, पण सांगाडा बराच काळ लाकडाचाच राहिला.

तयार घड्याळे पाठीवरच्या लाकडी चौकटीत बांधून फिरते विक्रेते ती देशोदेशी नेत. इंग्लंड, फ्रान्स, रशिया, तुर्कस्तान असा त्यांचा पल्ला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या प्रदेशातून वर्षाकाठी काही लाख घड्याळे बाहेर पडत. हा पसारा मोठा असला तरी त्याचा आधार लहान होता. एकेका घरात, खिडकीशी मांडलेल्या बाकावर, एक कारागीर आणि त्याचे कुटुंब काम करी. कोणी सांगाडे बनवी, कोणी चक्रे कापी, कोणी तबकड्या रंगवी. या सर्वांकडून माल गोळा करून परदेशी धाडणारे व्यापारी वेगळे होते आणि भाव ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच हाती होता.

१८४० नंतर हे चित्र पालटले. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात पितळी पत्र्यातून यंत्राने चक्रे ठोकून काढण्याची पद्धत रुळली होती. चॉन्सी जेरोम या उत्पादकाने १८४२ पासून अशी स्वस्त घड्याळे इंग्लंडात पाठवण्यास आरंभ केला, आणि इंग्लंड ही तर श्वार्झवाल्डची जुनी, भरवशाची बाजारपेठ. किमती कोसळल्या. कारागिरांनी त्याच मिळकतीसाठी अधिक घड्याळे घाईने बनवण्यास सुरुवात केली, त्यामुळे दर्जा खालावला आणि किमती आणखी उतरल्या. अनेक कुटुंबे घरदार सोडून अमेरिकेला निघून गेली.

== फुर्टवांगेनचे घड्याळ विद्यालय ==

या संकटावर उपाय म्हणून बाडेन सरकारने १८५० साली फुर्टवांगेन या गावी घड्याळ विद्यालय स्थापन केले. जर्मन भूमीवरील हे अशा प्रकारचे पहिले विद्यालय मानले जाते. त्याचे संचालकपद तीस वर्षांच्या गेर्विग यांच्याकडे सोपवण्यात आले.

ही निवड आज काहीशी विलक्षण वाटते. गेर्विग घड्याळजी नव्हते, त्यांच्या घराण्यात हा व्यवसाय नव्हता आणि ते श्वार्झवाल्डचेही नव्हते. परंतु सरकारच्या दृष्टीने कारागिरांच्या हातात कसब कमी नव्हते. उणीव होती ती मोजमापाची, रेखाटनाची आणि गणिताची. बापाने जसे चक्र कापले तसेच मुलाने कापायचे, या रीतीत दोन घरांत बनलेली चक्रे एकमेकांशी जुळतीलच असे नव्हते. म्हणून अभियंत्याची निवड झाली. विद्यालयात तरुण कारागिरांना रेखाटन, गणित आणि यंत्ररचनेची तत्त्वे शिकवली जात आणि त्यांच्या जोडीला कार्यशाळेतील प्रत्यक्ष काम असे.

गेर्विग यांचा दुसरा उपक्रम संग्रहाचा होता. १८५२ साली त्यांनी जुनी घड्याळे विद्यालयाला देण्याचे आवाहन लोकांना केले. घरोघरच्या माळ्यांवर पडलेली लाकडी चक्रांची घड्याळे तोवर टाकाऊ समजली जात. विद्यार्थ्यांना जुन्या कारागिरांची युक्ती पाहता यावी आणि तिचा पुरावा जपला जावा, हा त्यामागील हेतू होता. या संग्रहातूनच पुढे फुर्टवांगेनचे जर्मन घड्याळ संग्रहालय उभे राहिले. नव्या पद्धतीचा प्रचार करण्यासाठी नेमलेल्या माणसाने जुन्या वस्तू प्रथम वाचवल्या, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आवर्जून नोंदवावी अशी आहे.

== १८५० चे आवाहन आणि कुक्कू घड्याळाचे नवे रूप ==

कुक्कू घड्याळ ही गेर्विग यांच्या काळातील नवलाई नव्हती. सॅक्सनीचा इलेक्टर आउगुस्ट याच्याकडील अशा घड्याळाचे वर्णन फिलिप हाइनहोफर याने १६२९ साली केले आहे. पाद्री आणि विद्वान अथानासियस किर्शर याने १६५० सालच्या आपल्या संगीतविषयक ग्रंथात यांत्रिक कुक्कूची रचना दिली आहे. श्वार्झवाल्डात हे घड्याळ कोणी आणले याविषयी दोन जुने वृत्तान्त आहेत. श्योनवाल्ड गावच्या फ्रान्झ आन्टोन केटरर याने ते शोधून काढले, असे एक सांगतो. दुसऱ्या वृत्तान्तानुसार बोहेमियाच्या एका व्यापाऱ्याकडे दोघा घड्याळविक्रेत्यांनी लाकडी कुक्कू घड्याळ पाहिले आणि त्यावरून गावी येऊन आपले बनवले. केटररचा जन्म १७३४ चा आहे आणि शोधाचे श्रेय त्याला १७३० च्या सुमारास अथवा १७३८ साली दिले जाते. तेव्हा पहिला वृत्तान्त जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. अनेक पुस्तकांत तो निःशंकपणे छापला जातो, म्हणून विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

येथे पक्ष्याविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. युरोपातील कुक्कू म्हणजे आपल्याकडील कोकीळ नव्हे. दोघेही एकाच कुळातले आणि दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणारे असले, तरी युरोपीय कुक्कूचे रूप राखाडी आणि पोटावर आडव्या पट्ट्या असलेले असते. रूपाने तो आपल्या पावशाला अधिक जवळचा आहे. त्याची हाक दोन स्वरांची असून दुसरा स्वर पहिल्यापेक्षा खालचा असतो. हाक इतकी साधी असल्यामुळेच ती यंत्राकडून काढून घेणे शक्य झाले.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. घड्याळात चक्रांच्या दोन स्वतंत्र रांगा असतात आणि प्रत्येक रांग साखळीला टांगलेल्या एकेका वजनाने चालते. पहिली रांग वेळ दाखवते. तिच्या शेवटच्या चक्राचे दात लंबकाच्या प्रत्येक झोक्यासरशी एकेक करून सुटतात, त्यामुळे वजन एकदम न घसरता हळूहळू उतरते आणि काटे समान गतीने फिरतात. दुसरी रांग एरवी अडकवून ठेवलेली असते. मिनिटकाटा बाराशी अथवा सहाशी आला की एक दांडी उचलली जाते आणि ही रांग मोकळी होते. तिच्यावरील खुंट्या दोन तारा आलटूनपालटून ओढतात. प्रत्येक तार एका लहानशा भात्याचे झाकण उचलून सोडते. भात्यातील हवा वरून बंद असलेल्या लाकडी नळीच्या फटीतून बाहेर पडते आणि स्वर उमटतो. एक नळी आखूड व दुसरी लांब असल्याने पहिला स्वर उंच आणि दुसरा खालचा निघतो. त्याच वेळी आणखी एक दांडी पक्ष्याला पुढे ढकलते आणि त्याला जोडलेली तार दार उघडते. बहुतेक घड्याळांत प्रत्येक हाकेबरोबर तारेच्या कमानीवर एक ठोकाही पडतो.

हाका किती द्यायच्या, हे ठरवण्याचे काम काठावर खाचा पाडलेले एक चक्र करते. खाचांमधील अंतर क्रमाक्रमाने वाढत गेलेले असते. चाचपणारी दांडी पुढच्या खाचेत पडेपर्यंत हाका चालू राहतात आणि पडताच रांग पुन्हा अडकते. ही रांग भरधाव सुटू नये म्हणून तिच्या टोकाला हवा कापत फिरणारा एक छोटा पंखा असतो. तासाला तितक्या आणि अर्ध्या तासाला एक, या हिशोबाने घड्याळ दिवसभरात १८० वेळा हाक देते. काटे उलटे फिरवले अथवा हाकांचे वजन उतरून जमिनीला टेकले, की वेळ आणि हाकांचा मेळ बिघडतो. खाचांच्या चक्राला काटे कोठे आहेत याची काहीच जाण नसते, ते फक्त आपला क्रम पुढे चालवते.

ही यंत्रणा गेर्विग यांच्यापूर्वीच सिद्ध झालेली होती आणि त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांच्या मते उणीव होती ती बाह्यरूपात. त्या काळी श्वार्झवाल्डचे घड्याळ म्हणजे पुढे रंगवलेली सपाट लाकडी पाटी आणि पाठीमागे उघडे यंत्र असे असे. पाटीच्या वरच्या कमानीत फुले किंवा फळे रंगवलेली असत. कुक्कू असलाच तर तो या कमानीतील झरोक्यातून डोकावे. शहरातील दिवाणखान्यात टांगण्याजोगी ही वस्तू राहिली नव्हती.

सप्टेंबर १८५० मध्ये, विद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, गेर्विग यांनी बाडेनमधील कलावंतांना आणि जाणकारांना आवाहन केले की त्यांनी श्वार्झवाल्डच्या घड्याळांसाठी काळाला साजेशा पेट्यांची रेखाटने पाठवावीत. आलेल्या रेखाटनांत वास्तुविशारद फ्रीडरिख आयझेनलोर (१८०५–१८५४) यांचे रेखाटन सर्वांत दूरगामी ठरले. आयझेनलोर कार्ल्सरुहेच्या त्याच पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक होते आणि बाडेनच्या राइन खोऱ्यातील पहिल्या रेल्वेमार्गावरील इमारती त्यांनी उभारल्या होत्या. मार्गावर पहारा देणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी लहान लहान घरे बांधली होती. अशाच एका घराची उतरत्या छपराची दर्शनी बाजू त्यांनी घेतली, तिच्या मध्यावर तबकडी बसवली आणि भोवती द्राक्षवेलीची कातीव नक्षी गुंफली. विद्यालयाच्या १८५१-५२ च्या सुमारास लिहिलेल्या एका हस्तलिखित अहवालात तिचा उल्लेख आयव्हीच्या वेलीची नक्षी असा केलेला आहे, पण प्रत्यक्षात ती पाने द्राक्षवेलीचीच आहेत. मूळ पेटी फिकट, न रंगवलेल्या लाकडाची आणि सपाट, दोन्ही बाजूंना सारख्या नक्षीची होती. आजच्या गडद रंगाच्या, पानाफुलांनी लगडलेल्या घड्याळांशी तुलना केली तर ती फारच सोवळी वाटते.

या पेटीला बानहॉय्स्ले, म्हणजे रेल्वेचे घरकुल, असे नाव पडले. आयझेनबाख गावचे नामवंत कारागीर योहान बाप्टिस्ट बेहा यांनी डिसेंबर १८५४ मध्ये या प्रकारची दोन कुक्कू घड्याळे फुर्टवांगेनच्या एका व्यापाऱ्याला विकल्याची नोंद आहे. दोहोंच्या दर्शनी भागावर तैलरंगातील चित्रे होती. आयझेनलोर यांचे निधन त्याच वर्षाच्या आरंभी झाले होते. त्यानंतर बदल झपाट्याने घडले. १८६० च्या सुमारास सपाट नक्षीची जागा उठावदार कोरीव कामाने घेतली. १८६१ साली फुर्टवांगेनमध्ये शिकारीच्या दृश्याचा नमुना तयार झाला. त्यात हरणाचे मस्तक, बंदुका आणि मारलेली जनावरे कोरलेली असत. १८६२ पासून बेहा यांनी हाडाचे कोरीव काटे आणि देवदाराच्या फळासारखी ओतीव वजने वापरण्यास सुरुवात केली. आज ज्या वस्तूला लोक युगानुयुगे चालत आलेली लोककला समजतात, ती अशी अवघ्या दहा-बारा वर्षांत घडली आणि तिचा उगम एका सरकारी विद्यालयाच्या आवाहनात आहे. १९४९ सालच्या 'द थर्ड मॅन' या चित्रपटातील एका संवादामुळे हे घड्याळ स्वित्झर्लंडचे आहे असा समज जगभर पसरला, तोही निराधार आहे.

== विद्यालयाचा शेवट ==

गेर्विग यांनी १८५७ साली संचालकपद सोडले. ज्या उद्देशाने विद्यालय काढले होते तो त्यांच्या कारकिर्दीत सफल झाला, असे म्हणता येत नाही. घरगुती कारागिरांपैकी अनेकांचा पुस्तकी शिक्षणावर विश्वास नव्हता, आणि ज्यांच्या घरी रोजचीच भ्रांत होती त्यांना मुलाला बाकावरून उठवून शाळेत धाडणे परवडणारे नव्हते. १८६३ साली विद्यालय बंद पडले. याच सुमारास व्यवसायाचे भवितव्य दुसऱ्याच दिशेने जाऊ लागले होते. लेंत्सकिर्ख येथे १८५१ साली घड्याळांचा कारखाना निघाला आणि शेजारच्या व्युर्टेम्बेर्ग संस्थानातील श्रांबेर्ग येथे १८६१ साली युंगहान्स उद्योगाची स्थापना झाली. युंगहान्सने अमेरिकी पद्धतीची यंत्रे आणली आणि पुढे तो जगातील मोठ्या घड्याळ उत्पादकांत गणला गेला. सामान्य भिंतीवरील घड्याळांच्या बाबतीत घरगुती कारागीर या कारखान्यांपुढे टिकला नाही. कोरीव पेटीचे कुक्कू घड्याळ मात्र टिकले, कारण त्याची किंमत वेळेच्या अचूकपणावर ठरत नव्हती. गणित आणि मोजमाप शिकवण्यासाठी आलेल्या अभियंत्याच्या खटाटोपातून अखेर उपयोगी पडली ती सजावट, हा योगायोग त्याला कितपत रुचला असता हे सांगणे अवघड आहे.

विद्यालय १८७७ साली पुन्हा सुरू झाले. आजचे फुर्टवांगेन तंत्र विद्यापीठ आपला आरंभ १८५० सालच्या त्या विद्यालयापासून मानते.

== श्वार्झवाल्ड रेल्वेमार्ग ==

फुर्टवांगेन सोडल्यानंतर गेर्विग बाडेनच्या रेल्वे बांधकामात गुंतले. राइन नदीच्या वरच्या खोऱ्यातून कोन्स्टान्झपर्यंत जाणाऱ्या मार्गाच्या कामाशी त्यांचा संबंध आला. वाल्ड्सहूट आणि स्वित्झर्लंडमधील कोब्लेंत्स यांना जोडणारा राइनवरील लोखंडी रेल्वे पूल त्यांच्या आखणीनुसार १८५९ साली खुला झाला. तो आजही वापरात आहे.

त्यांची खरी परीक्षा श्वार्झवाल्ड ओलांडताना झाली. ऑफेनबुर्गहून झिंगेनपर्यंत जाणाऱ्या मार्गासाठी तीन पर्याय पुढे होते. एक शिल्टाख आणि श्रांबेर्गवरून जाणारा, सर्वांत सोपा, पण परक्या म्हणजे व्युर्टेम्बेर्गच्या हद्दीतून जाणारा. दुसरा फुर्टवांगेनवरून ब्रेग नदीच्या खोऱ्याने जाणारा. तिसरा ट्रिबेर्ग आणि झोमेराउच्या खिंडीखालून जाणारा. पहिला राजकीय कारणाने आणि दुसरा बांधकामाच्या अडचणींमुळे मागे पडला. तिसऱ्याची आखणी गेर्विग यांची होती आणि तीच स्वीकारण्यात आली. ज्या गावाच्या उद्योगासाठी त्यांनी आयुष्यातील सात वर्षे दिली, ते गाव अशा रीतीने मुख्य रेल्वेमार्गापासून दूर राहिले. फुर्टवांगेनला शाखामार्गाने रेल्वे पोहोचण्यास १८९३ साल उजाडावे लागले आणि १९७२ साली तो शाखामार्गही बंद झाला.

तिसऱ्या पर्यायातही अडचणी कमी नव्हत्या. होर्नबेर्ग आणि सांक्ट गेओर्गेन या दोन गावांतील सरळ रेषेतील अंतर सुमारे ११ किलोमीटर आहे, पण उंचीतील फरक ४४८ मीटर भरतो. सरळ चढवला असता तर मार्ग साध्या इंजिनाला झेपला नसता. इंजिनाची दिशा बदलत टप्प्याटप्प्याने चढण्याची अथवा दात असलेला जादा रूळ टाकण्याची युक्ती तेव्हा ठाऊक होती, परंतु त्यात वेळ जातो आणि मोठ्या गाड्या नेता येत नाहीत. गेर्विग यांनी मार्गच लांबवला. दरीच्या कडेने एका बाजूस जाऊन, डोंगरात वळसा घेऊन, अधिक उंचीवरून पुन्हा त्याच बाजूस परतायचे, अशी दुहेरी वळणे त्यांनी आखली. त्यामुळे ११ किलोमीटरच्या जागी २६ किलोमीटर रूळ टाकावे लागले, पण चढ हजार मीटरला २० मीटर एवढ्यावर राखता आला. गाडीतून जाणाऱ्याला आपण काही वेळापूर्वी सोडलेले रूळ खाली दरीत दिसतात.

या आखणीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की उंच पुलांऐवजी शक्यतो बोगद्यांचा आणि डोंगरउतार कापून केलेल्या वाटेचा वापर करण्यात आला. सुमारे १५० किलोमीटरच्या या मार्गावर ३९ बोगदे आहेत. त्यांतील झोमेराउचा बोगदा १,६९७ मीटर लांबीचा असून मार्गाचा सर्वोच्च बिंदू तेथेच, समुद्रसपाटीपासून ८३२ मीटरवर आहे. दोन्ही टोकांकडील भाग १८६६ साली वाहतुकीस खुले झाले. मधल्या डोंगरी भागाला १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने विलंब लागला आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. डोंगरी रेल्वेचा नमुना म्हणून तो पुढे अन्य देशांतील अभियंत्यांनी अभ्यासला.

== गोट्थार्ड आणि अपयश ==

आल्प्स पर्वत ओलांडून जर्मनी आणि इटली यांना जोडणाऱ्या गोट्थार्ड रेल्वेशी गेर्विग यांचा संबंध बराच आधी आला होता. १८६५ साली त्यांनी आउगुस्ट बेख यांच्यासह या मार्गाच्या शक्यतेविषयी अहवाल तयार केला होता. १८७२ साली त्यांची गोट्थार्ड रेल्वे कंपनीच्या मुख्य अभियंतापदी नियुक्ती झाली. आल्फ्रेड एशर हे कंपनीचे सर्वेसर्वा होते.

येथे त्यांना यश आले नाही. दक्षिणेकडील तिचिनो परगण्यातील सपाटीचे टप्पे ठरल्या वेळेत, डिसेंबर १८७४ मध्ये, सुरू करण्याचा आग्रह होता. ते सुरू झाले, पण खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला. कंपनीशी मतभेद वाढून १८७५ साली गेर्विग यांना पद सोडावे लागले आणि विल्हेल्म हेल्वाग त्यांच्या जागी आले. हेल्वाग यांनी नव्याने हिशोब मांडला तेव्हा संपूर्ण प्रकल्पाला दहा कोटींहून अधिक फ्रँक कमी पडणार हे उघड झाले. मूळ अंदाजच अपुरा होता आणि त्या अंदाजामागे गेर्विग यांचा अहवालही होता, हे नाकारता येत नाही. मात्र युद्धानंतर वाढलेले मजुरीचे व लोखंडाचे दर हे कारण त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. या तुटीच्या वादळात पुढे एशर यांनाही १८७८ साली पायउतार व्हावे लागले. मार्ग १८८२ साली पूर्ण झाला. डोंगराच्या पोटात वळसे घालून उंची गाठण्याचे जे तंत्र श्वार्झवाल्डात वापरले गेले होते, तेच गोट्थार्डच्या दोन्ही उतारांवर दिसते.

== उत्तरायुष्य ==

स्वित्झर्लंडहून परतल्यावर गेर्विग पुन्हा बाडेनच्या सेवेत आले. बाडेनच्या विधिमंडळात त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. जर्मन साम्राज्याच्या राइशटागमध्येही ते नॅशनल लिबरल पक्षाचे सदस्य होते.

फ्रायबुर्गहून नॉयश्टाटला जाणारा ह्योलेंटाल रेल्वेमार्ग हे त्यांचे अखेरचे मोठे काम होय. ही दरी इतकी अरुंद आणि उभी आहे की वळसे घेऊन मार्ग लांबवण्यास तेथे जागाच नव्हती. त्यामुळे श्वार्झवाल्ड मार्गावर टाळलेला दंतुर रूळ येथे काही अंतरापुरता स्वीकारावा लागला. तेथील चढ हजार मीटरला ५५ मीटर एवढा होता. हा मार्ग १८८७ साली खुला झाला, पण गेर्विग तो पाहण्यास नव्हते. ६ डिसेंबर १८८५ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, कार्ल्सरुहे येथे त्यांचे निधन झाले होते.

== स्मारके ==

श्वार्झवाल्ड मार्गामुळे ट्रिबेर्ग हे धबधब्याचे गाव पर्यटकांच्या वाटेवर आले. रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांना परत नेण्यासाठी आठवणीची वस्तू हवी असे, आणि रेल्वेच्याच घरकुलाच्या आकाराचे कुक्कू घड्याळ त्यांच्यासाठी दुकानांत टांगलेले असे. ट्रिबेर्ग आजही या घड्याळांच्या विक्रीचे मोठे केंद्र आहे. तेथील रेल्वे स्थानकाजवळ गेर्विग यांचे स्मारक आहे. फुर्टवांगेनमध्ये एक व्यवसाय विद्यालय त्यांच्या नावाने चालते. त्यांच्या संग्रहातून वाढलेले जर्मन घड्याळ संग्रहालय ज्या चौकात आहे, त्यालाही रॉबर्ट गेर्विग यांचेच नाव देण्यात आले आहे.